ट्यूनर, हार्ड डिस्क आणि ब्लू-रे एकाच यंत्रात: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

दोन ट्यूनर (वाहिनीचा सिग्नल पकडणारे भाग), एक टेराबाइटची हार्ड डिस्क आणि ब्लू-रे लिहिणारा ड्राइव्ह अशी सर्व सोय एकाच पेटीत असलेला रेकॉर्डर आम्ही घेतला, त्याला आता बरेच महिने झाले. या काळात तो जवळजवळ रोज चालला, मध्येच बंद पडला, वॉरंटीत दुरुस्त होऊन परत आला आणि परत आल्यावर स्वतःच केलेले रेकॉर्डिंग ओळखेनासा झाला. या लेखाचा पहिला भाग तो बंद पडण्यापूर्वी लिहिलेला आहे आणि तो जवळजवळ तसाच ठेवत आहे, कारण त्यातील चित्राविषयीची मते आजही कायम आहेत.

प्रथम चित्राविषयी. वाहिनी जो डिजिटल प्रवाह पाठवते तो आधीच संकुचित केलेला असतो. त्यासाठीच्या पद्धती म्हणजे जुन्या प्रसारणात एमपेग-२, नंतरच्या प्रसारणात एच.२६४ किंवा एचईव्हीसी. हा रेकॉर्डर तो प्रवाह उलगडून पुन्हा संकुचित करण्याच्या भानगडीत न पडता जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरवतो, त्यामुळे थेट पाहिलेला कार्यक्रम आणि रेकॉर्ड केलेला कार्यक्रम यांच्या चित्रात तसूभरही फरक दिसत नाही. त्याचबरोबर, अँटेना किंवा केबलची जोडणी कमकुवत असल्याने चित्रात चौकोन फुटले असतील तर तेही कायमचे नोंदले जातात. म्हणून असे यंत्र घेण्यापूर्वी सिग्नल नीट करून घेण्यावर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे. जागेचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला ८ मेगाबिट वेगाचे हाय डेफिनिशन प्रसारण तासाला साधारण ३.६ गिगाबाइट जागा घेते, म्हणजे एका टेराबाइटमध्ये पावणेतीनशे तासांच्या आसपास कार्यक्रम मावतात. आमच्यासाठी ही जागा पुरेशी ठरली.

दोन ट्यूनर असल्याने दोन वाहिन्या एकाच वेळी रेकॉर्ड करता येतात, पण व्यवहारात हे दोन ट्यूनर लवकर संपतात. कार्यक्रम ठरलेल्या वेळी संपेलच याची खात्री नसल्यामुळे रेकॉर्डिंगच्या आधी आणि नंतर काही मिनिटांची मोकळीक ठेवावी लागते. एकाच वाहिनीवर लागोपाठ असलेले दोन कार्यक्रम लावले, की पहिल्याची शेवटची मिनिटे आणि दुसऱ्याची सुरुवातीची मिनिटे एकमेकांवर येतात आणि यंत्र त्या तेवढ्या मिनिटांसाठी दुसरा ट्यूनरही अडकवून ठेवते. वास्तविक वाहिनी एकच, फ्रिक्वेन्सीही एकच. एकाच फ्रिक्वेन्सीवरून येणाऱ्या अनेक वाहिन्यासुद्धा एका ट्यूनरवर एकत्र टिपणारी यंत्रे अस्तित्वात आहेत. येथे ती सोय दिलेली नाही. ज्यांच्या घरी संध्याकाळी तिघांना तीन वेगळे कार्यक्रम हवे असतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तबकड्या चालवण्याच्या बाबतीत मात्र मी पूर्णपणे समाधानी आहे. जुन्या डीव्हीडीचे चित्र मोठ्या पडद्यासाठी वाढवताना कडा ओरखडल्यासारख्या दिसत नाहीत आणि ब्लू-रेवरील चित्रपट मूळच्या सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने दाखवता येत असल्यामुळे कॅमेरा सावकाश सरकतो तेव्हा चित्र अडखळत नाही. प्रदेशाची अट, म्हणजे एका प्रदेशासाठीची तबकडी दुसऱ्या प्रदेशाच्या प्लेअरवर न चालणे, इतर अधिकृत प्लेअरप्रमाणेच येथेही आहे: डीव्हीडीसाठी जगाचे सहा प्रदेश, ब्लू-रेसाठी ए, बी आणि सी असे तीन. परदेशातून तबकड्या मागवणाऱ्यांनी त्यावरचा शिक्का पाहूनच खरेदी करावी. तबकडी लिहिण्याची सोय मला तेव्हा अनावश्यक वाटली होती. हार्ड डिस्कवर इतकी जागा असताना कोरी तबकडी विकत घेऊन, तासभर वाट पाहून तीच गोष्ट तिच्यावर का उतरवावी, असे मी तेव्हा लिहून ठेवले होते.

यापुढचा मजकूर दुरुस्तीनंतरचा आहे.

एके सकाळी यंत्र सुरूच होईना. पुढच्या बाजूचा दिवा लुकलुकत राहिला, आतला पंखा फिरे आणि थांबे, पडद्यावर काहीही येईना. सर्व्हिस सेंटरने मुख्य बोर्ड निकामी झाल्याचे सांगितले आणि वॉरंटी शिल्लक असल्याने तो विनामूल्य बदलून दिला. येथवर तक्रारीला जागा नाही. यंत्र घरी आणून जोडल्यावर मात्र पडद्यावर एक चौकट उमटली: जोडलेली हार्ड डिस्क या यंत्रात नोंदलेली नाही, वापरण्यासाठी फॉरमॅट करा. खाली 'होय' आणि 'नाही' असे दोन पर्याय होते. हार्ड डिस्क तीच होती, जागची हललेलीही नव्हती, आणि तिला काहीही झालेले नव्हते. 'नाही' म्हटले तर रेकॉर्डिंगची यादी रिकामी दिसे. 'होय' म्हटले तर सर्वच पुसले जाणार होते.

कारण समजून घेतल्यावर संताप अधिकच वाढला. यंत्र हार्ड डिस्कवर जे काही लिहिते ते कूटबद्ध करून लिहिते आणि ते उघडण्याची किल्ली त्या विशिष्ट मुख्य बोर्डाशी बांधलेली असते. बोर्ड गेला की किल्ली गेली. डिस्क शाबूत असून उपयोग नाही. ती काढून संगणकाला जोडली असता संगणकाला तिच्यावर ओळखीचे एकही विभाजन दिसले नाही. माझी मागणी साधी होती: जुन्या बोर्डावरील किल्ली नव्यावर घ्यावी, किंवा बोर्ड बदलण्यापूर्वी जुन्या बोर्डावर यंत्र तात्पुरते तरी सुरू करून रेकॉर्डिंग तबकड्यांवर उतरवू द्यावे. पहिली गोष्ट करण्याचे साधन सर्व्हिस सेंटरकडे नव्हते आणि दुसरी शक्य आहे की नाही हे पाहण्याआधीच जुना बोर्ड कंपनीकडे परत पाठवला गेला होता. काउंटरवरच्या गृहस्थांनी माहितीपुस्तिकेतील एक वाक्य दाखवले, "दुरुस्तीनंतर रेकॉर्डिंग उपलब्ध राहील याची हमी नाही." मी त्यांना म्हटले, "बोर्ड बदलण्यापूर्वी हे सांगायला काय हरकत होती?" त्यावर उत्तर मिळाले नाही. दुरुस्तीच्या पावतीवर ग्राहकाची सही घेताना ही गोष्ट ठळक अक्षरांत सांगितली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि तशी लेखी तक्रार मी केली आहे.

गेलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक गोष्टी पुन्हा मिळण्यासारख्या होत्या. मात्र वयोवृद्ध गायकांच्या मुलाखतींची एक मालिका, जी नंतर पुन्हा प्रसारित झालेली नाही, ती आमच्या घरी केवळ याच डिस्कवर होती, आणि याच एका कारणासाठी या यंत्राविषयीचे माझे मत बदलले.

कुलपामागचा युक्तिवाद मला ठाऊक नाही असे नाही. घरी पाहण्यासाठी टीव्हीवरील कार्यक्रम रेकॉर्ड करणे योग्य की अयोग्य हा वाद जुना आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली बीटामॅक्स व्हिडिओ रेकॉर्डरच्या खटल्यात, कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी घरी रेकॉर्ड करणे हा वाजवी वापर असल्याचे मानले. डिजिटल प्रसारणात प्रत तंतोतंत मूळासारखी निघत असल्यामुळे निर्मात्यांना अधिक धास्ती वाटते, आणि म्हणून जपानमध्ये २००८ पासून 'डबिंग १०' नावाची पद्धत आहे, ज्यात नऊ प्रती काढता येतात आणि दहाव्या वेळी मूळ रेकॉर्डिंगच हलवले जाते. तिथे निदान नियम आकड्यात सांगितलेला आहे. माझ्या यंत्राने मात्र विनाशुल्क, कोणतेही कूटबंधन न करता प्रसारित होणाऱ्या वाहिन्यांचे रेकॉर्डिंगसुद्धा तेवढ्याच कडेकोटपणे बंद केले. जे हवेतून सर्वांसाठी उघडे आले, ते माझ्या कपाटातल्या पेटीत शिरल्यावर मलाच बंद का व्हावे, याचे पटणारे कारण मला अजून सापडलेले नाही.

या सगळ्यात वाचल्या त्या फक्त तबकड्या. केवळ सोय तपासून पाहावी म्हणून काही कार्यक्रम मी ब्लू-रेवर लिहिले होते आणि फायनलाइझही केले होते (म्हणजे इतर प्लेअरवर चालावी म्हणून तबकडी लिहून बंद केली होती). त्या तबकड्या दुरुस्त यंत्रात चालतात, दुसऱ्या प्लेअरवर चालतात, संगणकावरही चालतात. जी सोय मी अनावश्यक ठरवली होती, तीच रेकॉर्डिंगला या पेटीतून बाहेर काढणारी एकमेव वाट आहे. मात्र तबकडी निवडताना भान ठेवावे. डीव्हीडी-व्हिडिओच्या मानकात हाय डेफिनिशन चित्र बसत नाही, त्यामुळे ४.७ गिगाबाइटच्या डीव्हीडीवर त्या मानकानुसार उतरवताना चित्राचा दर्जा खाली येतोच. २५ गिगाबाइटच्या ब्लू-रेवर मात्र वर सांगितलेल्या वेगाचे जवळजवळ सात तास मूळ दर्जात राहतात. कोऱ्या ब्लू-रेचा पुरवठा पुढे कसा राहील याची चिंता आहे, कारण सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांचे उत्पादन थांबवले. इतर उत्पादक असले तरी हे माध्यम वाढीला लागलेले नाही हे उघड आहे.

म्हणून आता व्यवस्था वेगळी केली आहे. रेकॉर्डिंगसाठी लिनक्सवर चालणारा एक रिसीव्हर घेतला, जो संगणकाला वाचता येणाऱ्या साध्या हार्ड डिस्कवर ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची, म्हणजे वाहिनीकडून येणाऱ्या डिजिटल प्रवाहाची, उघडी फाइल लिहितो. ही फाइल १८८ बाइटच्या लहान लहान पाकिटांची बनलेली असते आणि ती चालवण्यासाठी शेवटी लिहिल्या जाणाऱ्या सूचीची गरज नसते. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तरी तोवरचा भाग चालतो, याचा अनुभव मी घेतला आहे. रिसीव्हर उद्या बंद पडला तर डिस्क काढून कोणत्याही संगणकाला लावायची, इतकेच. बाहेरून जोडलेल्या डिस्कच्या बाबतीत अडचण वेगाची नसते, कारण तीन रेकॉर्डिंग एकत्र चालली तरी सेकंदाला तीन-चार मेगाबाइटच लिहावे लागतात. अडचण विजेची असते. यूएसबी २.० च्या तोंडातून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळत असल्यामुळे काही डिस्क मध्येच सुटतात, तेव्हा स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क घ्यावी.

या मार्गाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्यांच्या वाहिन्या सशुल्क आहेत आणि सीआय प्लस पद्धतीच्या कार्ड मॉड्यूलमधून (सशुल्क वाहिन्यांचे कूटबंधन उघडण्यासाठी संचात खोचायच्या भागातून) उघडतात, त्यांना अशा उघड्या रिसीव्हरचा फारसा उपयोग होणार नाही. तिथे प्रसारकच रेकॉर्डिंगला मुदत घालू शकतो किंवा ते अडवू शकतो. टीव्हीलाच पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड करण्याची जी सोय हल्ली बऱ्याच संचांत असते, ती या बाबतीत माझ्या रेकॉर्डरपेक्षा बरी नाही: तेथेही डिस्क बहुधा त्या एका संचाशीच बांधली जाते आणि टीव्ही बदलला की रेकॉर्डिंग निरुपयोगी होते.

खरेदी करण्यापूर्वी एक चाचणी दुकानातच करून घ्यावी. पाच मिनिटांचे रेकॉर्डिंग यूएसबी ड्राइव्हवर करायला सांगावे, तो ड्राइव्ह संगणकाला लावावा आणि फाइल दिसते का, चालते का ते पाहावे. मोठे रेकॉर्डिंग चार-चार गिगाबाइटच्या तुकड्यांत दिसले तर घाबरण्याचे कारण नाही, ती ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या एफएटी३२ पद्धतीची मर्यादा आहे. ड्राइव्ह लावताच यंत्राने तो 'नोंदवण्यासाठी' फॉरमॅट करण्याची अट घातली आणि नंतर संगणकाला तो रिकामा दिसला, तर विक्रेत्याने काहीही सांगितले तरी रेकॉर्डिंग तुमच्या हाती राहणार नाही असे समजावे.

दुरुस्त झालेला रेकॉर्डर आम्ही विकला नाही. तबकड्यांसाठी तो आजही उत्तम आहे आणि रोजच्या, एकदा पाहून पुसायच्या कार्यक्रमांसाठी त्याचे दोन ट्यूनर चालतात. केवळ प्लेअर म्हणून त्याला पाचपैकी चार गुण देईन आणि रेकॉर्डर म्हणून दोन. ज्यांच्याकडे असे यंत्र आधीपासून आहे आणि त्यात जपण्यासारखे काही आहे, त्यांनी बोर्ड चालू आहे तोवर ते तबकडीवर उतरवून घ्यावे आणि यंत्र दुरुस्तीला देताना जुना बोर्ड आपल्याला विचारल्याशिवाय परत पाठवू नये, असे पावतीवर लिहून घ्यावे.