इलेक्ट्रॉनिक मल्टिचॅनल पिपेट, बरेच महिने वापरल्यावर: मोटर मस्त, पण टिप काढायला अंगठाच

नवीन बॅटरी या आठवड्यात हातात आली म्हणून आता लिहायला बसलेय, त्याआधी लिहिलं असतं तर नुसता संताप निघाला असता. पिपेट म्हणजे लिक्विड मोजून उचलायचं न सोडायचं हातातलं उपकरण, टोकाला प्लास्टिकची टिप लावायची. हे आठ चॅनलचं, म्हणजे आठ टिपने एकदम उचलणारं, चॅनलमागे 1200 मायक्रोलिटरचं, इम्पोर्टेड. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जे सांगायचंय ते त्या एका कंपनीपुरतं नाहीये, अशी बरीच मॉडेल्स बाजारात आहेत.

मी पुण्याजवळच्या एका क्यूसी (गुणवत्ता तपासणीच्या) लॅबमध्ये आहे, काम एलायझा या चाचणीचं, दिवसभर 96 वेलच्या, म्हणजे आठ-आठ खळग्यांचे 12 कॉलम असलेल्या प्लेट्स. साधं, हाताने दाबायचं पिपेट ज्यांनी रोज चालवलंय त्यांना माहितीच आहे की बटणाच्या पहिल्या स्टॉपपर्यंत काही वाटत नाही, जीव जातो तो दुसऱ्या स्टॉपला, ब्लो-आउटची, म्हणजे शेवटचा थेंब बाहेर ढकलायची, स्प्रिंग कडक असते आणि ती प्रत्येक वेळी अंगठ्यानेच दाबायची. 1994 साली स्वीडनमधल्या लॅब टेक्निशियन बायकांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात वर्षाला 300 तासांच्या वर पिपेटिंग करणाऱ्यांना हाताचा न खांद्याचा त्रास जास्त दिसला. 300 तास म्हणजे कामाच्या दिवसाला साधारण एक तास. आमच्याकडे तेवढं पहिल्या चहाच्या आधीच होतं. मला शेवटी डी क्वेर्व्हेन निघालं, म्हणजे अंगठ्याकडचे दोन टेंडन मनगटाशी ज्या अरुंद आवरणातून जातात तिथे सूज. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की जी कळ येते ती शत्रूलाही नको. स्प्लिंट लागला, आणि आमच्या सरांनी पर्चेसला नोट पाठवली तेव्हा कुठे हे पिपेट आलं. किंमत लाखाच्या घरात, त्यामुळे मागायलाच धीर होत नव्हता.

आधी चांगलं सांगते. पिस्टन मोटर चालवते, बटण नुसतं टेकवायचं, पहिल्याच आठवड्यात अंगठ्याला फरक कळला. वजन साध्यापेक्षा जास्त आहे आणि ते वरच्या बाजूला आहे, पण बोटाला आधार द्यायचा हुक नीट आहे त्यामुळे खटकत नाही. मोटरचा वेग सेट करता येतो आणि सगळ्यांच्या हातात तोच राहतो, आमच्याकडे दोन टेक्निशियनच्या प्लेट्समध्ये जो फरक यायचा तो बराच कमी झाला. मल्टिडिस्पेन्स तर वरदान आहे, एकदा भरून घ्या आणि कॉलमला एक टिचकी. फक्त घेताना हिशोब करा: सुरुवातीला आणि शेवटी थोडं लिक्विड टाकून द्यायचं असतं कारण ते दोन शॉट अचूक नसतात, म्हणजे 100 मायक्रोलिटर गुणिले 12 कॉलम म्हणजे बरोबर 1200, टाकून द्यायला जागाच उरत नाही, सहा-सहा कॉलम करून दोनदा भरावं लागतं. 1250 चंही मॉडेल मिळतं, 100 चं काम जास्त असेल तर आधी तेच बघा. 50 चं काम असेल तर काही प्रश्न नाही, पूर्ण प्लेट एका भरण्यात होते.

आता माझं खरं दुखणं. एवढी मोटर, एवढी स्क्रीन, प्रोग्रॅम सेव्ह होतात, आणि टिप काढायची कशाने तर अंगठ्याने! बाजूला मोठं बटण आहे, ते खालपर्यंत दाबायचं, आठ टिप एकदम सुटायच्या. अहो, ज्या अंगठ्यासाठी हे घेतलं त्यालाच दिवसातला सगळ्यात जड धक्का तुम्ही ठेवलात? रिएजंट (चाचणीचं रसायन) टाकताना टिप तीच राहते म्हणून जाणवत नाही, पण सॅम्पल ट्रान्सफरला दर कॉलमला नवीन टिप, म्हणजे एका प्लेटला 12 वेळा तो धक्का, आणि अशा प्लेट्स दिवसभर. ब्रोशरमध्ये पिस्टन दाबायला किती कमी जोर लागतो ते मोठ्या अक्षरात छापलंय, टिप काढायच्या जोराबद्दल एक ओळ नाही. आणि हे जमत नाही असंही नाही, सार्टोरियस कंपनीच्या पिकस या पिपेटमध्ये टिपसुद्धा मोटरने निघते, मी डेमोला हातात घेऊन बघितलंय.

इथपर्यंतचं माझं मत बरेच महिने पक्कं होतं. मग मध्येच टिपचा लॉट बदलला आणि मत थोडं हललं. आम्ही नेहमी युनिव्हर्सल, म्हणजे कुठल्याही कंपनीच्या पिपेटला चालणाऱ्या टिप वापरतो, स्वस्त पडतात, पण त्या आठही चॅनलवर एकसारख्या बसत नाहीत, म्हणून रॅकवर पिपेट दाबून, डोलवून, वरून ठोकून बसवाव्या लागतात, नाहीतर कडेच्या चॅनलला हवा जाते आणि त्या ओळीत लिक्विड कमी दिसतं. स्टॉक संपला म्हणून काही दिवस कंपनीच्याच टिप आल्या तर त्या हलक्या हाताने बसल्या, आणि हलक्या बसल्या म्हणून हलक्या निघाल्याही. म्हणजे सगळा दोष बटणाचा नाही, निम्मा टिपचा आहे. पण त्या टिपचा रॅक युनिव्हर्सलपेक्षा इतका महाग की पर्चेसवाले हसतात. आता आम्ही सॅम्पल ट्रान्सफरला कंपनीच्या टिप आणि रिएजंटला युनिव्हर्सल असं वाटून घेतलंय, त्याने खर्चही आवाक्यात राहतो न अंगठाही. तरी ज्याने मोटर बसवली त्याने टिपलाही बसवायला हवी होती, यावर मी ठाम आहे.

बॅटरीची गोष्ट वेगळीच. वॉरंटी संपली न संपली तोच बॅटरी दुपारी मान टाकायला लागली, चार्जिंगच्या स्टॅन्डवर ठेवली तरी अर्धीच भरायची. प्लेटच्या मध्यात बंद पडलं तर ती प्लेट गेली, इन्क्युबेशनची, म्हणजे प्लेट ठेवून द्यायची, ठरलेली वेळ थांबत नाही ना. डीलरला फोन केला तर म्हणे बॅटरी कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारी वस्तू आहे, वॉरंटीत तशीही नव्हती, आणि बदलायला अख्खं पिपेट पाठवा, उघडलं की कॅलिब्रेशन करावं लागेल, त्याचे वेगळे पैसे. मॅन्युअलमध्ये स्पष्ट चित्र आहे की मागचं झाकण सरकवून बॅटरी वापरणाऱ्यानेच बदलायची, पिस्टनला हात लागतच नाही. त्या पानाचा फोटो पाठवला तेव्हा सर्व्हिसवाल्या सरांचा सूर बदलला. मग लीड टाइमचं, म्हणजे बॅटरी यायला किती दिवस लागतील त्याचं, पुराण सुरू झालं. सुटी लिथियम-आयन बॅटरी प्रवासी विमानातून कार्गो म्हणून न्यायला 1 एप्रिल 2016 पासून बंदी आहे, हे त्यांनी सांगितलं आणि ते खरंच आहे. पण नियम इतका जुना आहे तर भारतात चार बॅटऱ्या स्टॉकला ठेवायला काय अडचण होती? तोवर मी परत साध्या मल्टिचॅनलवर, आणि मनगट परत दुखायला लागलं. मला सगळ्यात जास्त राग याचाच आला.

कॅलिब्रेशनबद्दल तक्रार नाही. आयएसओ 8655 या पिपेटच्या मानकाप्रमाणे वजन करून तपासलं, मल्टिचॅनलला जेवढी चूक चालते, हे सगळ्या चॅनलला त्याच्या आत आरामात होतं, बॅटरी बदलल्यावरही.

क्रायोव्हायलची (नमुने गोठवून ठेवायच्या छोट्या बाटल्यांची) झाकणं उघडायला हातात धरायचं मोटरवालं डिकॅपर मिळतं, तेही आता आम्ही मागवतोय, कारण झाकण पिळण्यातही हाच अंगठा आणि हेच मनगट लागतं. यावेळी कोटेशनमध्येच तीन गोष्टी लिहून मागितल्यात: एक जास्तीची बॅटरी त्याच पर्चेस ऑर्डरमध्ये, पुढच्या बॅटरीची किंमत आणि ती किती दिवसांत मिळेल ते, आणि आमचीच झाकणं घेऊन आमच्याच टेबलावर डेमो. पिपेट घेतानाही हेच करा: डीलर डेमोला त्याच्या टिप घेऊन येतो, तेव्हा सगळं लोण्यासारखं चालतं. तुम्ही तुमचा रॅक समोर ठेवा, आठही टिप लावा, आणि त्याच्यासमोर पन्नासेक वेळा काढून बघा.