फार्म.डी.ची जागा नव्हतीच, तिचे २,३५,००० रुपये घेतले

बारावीनंतर पोरीला थेट फार्म.डी.ला (डॉक्टर ऑफ फार्मसी, औषधशास्त्राचा कोर्स) प्रवेश देतो म्हणून एका एजंटने आमच्याकडून २,३५,००० रुपये उकळले. २५,००० 'सीट ब्लॉकिंग'चे यूपीआयने, १,५०,००० डोनेशन रोख, आणि ६०,००० पहिला हप्ता, तोही कॉलेजच्या नव्हे, एजंटच्या खात्यात. कॉलेज खरं आहे. बी.फार्म. (पदवी) आणि डी.फार्म. (पदविका) तिथे रीतसर चालतात. फार्म.डी. मात्र तिथे कधी नव्हतंच.

'पीसीआयची (फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची) मान्यता बघायची होती,' असं सगळे ऐकवतात. बघितली होती, यादीत कॉलेजचं नाव होतं! पण ही मान्यता कॉलेजला सरसकट मिळत नाही. प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी, जागांच्या आकड्यासकट मिळते. नावापुढे कोणता कोर्स लिहिलाय तेही वाचा. मान्यता नसलेला कोर्स पूर्ण केला तरी फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होत नाही.

आणि तो आकडा! 'साठातल्या चारच जागा उरल्यात, उद्या त्याही जातील,' असं एजंट छातीठोकपणे म्हणाला. फार्म.डी.च्या तुकडीला ३० जागा असतात. साठ हा बी.फार्म.चा आकडा. त्याच क्षणी तिथून उठायला हवं होतं, हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. रुग्णालयाचं विचारलं तर म्हणे 'टायअप आहे'. पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असलेल्या या कोर्सला किमान ३०० खाटांचं रुग्णालय जोडलेलं लागतं. नाव विचारा, करार दाखवायला सांगा.

आम्ही काही हुरळून गेलो नव्हतो. पर्सेंटाइल कमी, कॅपच्या (सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत हाती काही नाही, मुदत संपत आलेली, आणि समोर कॉलेजच्या शिक्क्याचं अलॉटमेंट लेटर. त्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. पण महाराष्ट्रात बी.फार्म. आणि फार्म.डी.चे प्रवेश सीईटी सेलच्या एकाच प्रक्रियेत होतात. कॅपमध्ये मिळालेली जागा उमेदवाराच्या लॉगिनमध्ये दिसते, एजंटच्या पाकिटातून येत नाही. संस्था पातळीवरच्या, म्हणजे कॉलेजने स्वतः भरायच्या, जागांनाही अर्ज आणि गुणवत्ता यादी असते, आणि त्या प्रवेशांना प्रवेश नियामक प्राधिकरणाची मान्यता लागते. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्या फीच्या वर डोनेशन घेणं १९८७ च्या कॅपिटेशन फी बंदी कायद्याने गुन्हा आहे. सीट मॅट्रिक्समध्ये (कॉलेजनिहाय जागांच्या यादीत) त्या कॉलेजसमोर फार्म.डी. नसेल, तर विषय तिथेच संपला.

तक्रारीचं काय झालं तेही ऐका. पोलीस म्हणाले, 'रोख दिलेत, पावती कुठंय?' मग म्हणाले, 'हा आपसातला व्यवहार, कोर्टात जा.' कॉलेज म्हणालं, 'तो आमचा माणूस नाही.' मग पत्रावरचा शिक्का कोणाचा? एका सरकारी कार्यालयाचं म्हणणं, प्रवेशच झालेला नाही तर तक्रार कसली. दुसऱ्याने ईमेलला उत्तर दिलं, 'संबंधित विभागाकडे जा.' तो विभाग कोणता, हे एकानेही लिहून दिलं नाही. 'शिकलेली माणसं ना तुम्ही?' एवढं सुनवायला मात्र प्रत्येक टेबलावर वेळ होता. फसवणाऱ्याला कोणी साधं बोलावून विचारलंही नाही आणि इकडे पोरीचं वर्ष गेलं, कारण प्रवेशाची शेवटची तारीख उलटल्यावर बी.फार्म.ची रिकामी जागाही मिळत नाही.

यूपीआयने पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पोलीस ठाण्यातल्या बाकावर बसून वेळ घालवू नका. रोख देऊच नका. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला एजंटच्या हाती चुकूनही देऊ नका. दाखला अडकला की दुसरीकडचा प्रवेशही लटकतो, आणि त्याच जोरावर आमच्याकडे आणखी १०,००० मागितले होते. 'आता बी.फार्म.ला बसवतो, पुढच्या वर्षी फार्म.डी.त वळवतो,' असं कोणी म्हणालं तर तेही खोटं. बी.फार्म. पूर्ण केल्यावर तीन वर्षांचं पोस्ट बॅकलॉरिएट फार्म.डी. करता येतं, मधूनच वळता येत नाही.