खरी लोकर की अ‍ॅक्रिलिक?

विणकाम करणाऱ्या चार जणी जमल्या की लोकरीवरून वाद ठरलेला. ‘अ‍ॅक्रिलिक? म्हणजे प्लॅस्टिकच की!’ असं नाक मुरडणारी एक तरी असतेच.

तिचं अगदीच चूक नाही. मेंढीची लोकर स्वतःच्या वजनाच्या 30 टक्क्यांपर्यंत ओलावा शोषते, तरी अंगाला ओली लागत नाही. विणून झाल्यावर भिजवून, टाचण्या लावून वाळवली की वेडेवाकडे टाकेही शहाण्यासारखे बसतात. अ‍ॅक्रिलिकवर मात्र गरम इस्त्री टेकली की विण कायमची लुळी पडते. शिवाय 2016 मध्ये प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपड्यांच्या एका धुण्यातून प्लॅस्टिकचे सात लाखांहून जास्त बारीक तंतू पाण्यात सुटू शकतात असं दिसलं. हा मुद्दा मला खरंच टोचतो.

पण बाळाचं टोपडं विणायचं असेल तर मी अ‍ॅक्रिलिकच घेते. ते दिवसातून दोनदा धुतलं जाणार, तेही झोप न झालेल्या आईकडून. साधी लोकर गरम पाण्यात घुसळली गेली की आटून तिचा नमदा, म्हणजे जाड घट्ट गोळा, होतो. मग टोपडं बाहुलीला घाला.

आणि गंमत म्हणजे, मशीनमध्ये धुता येते म्हणून मिरवली जाणारी ‘सुपरवॉश’ लोकर! तिच्यावर बहुतेकदा क्लोरीनची प्रक्रिया करून पॉलिमरचा, म्हणजे प्लॅस्टिकचाच, पातळ थर चढवलेला असतो. नाक मुरडणाऱ्या बाईंच्या टोपलीत तीच असते हो.