आधी ‘लोबेर्ज रूज’ की ‘ले तोंतों फ्लँगर’?

महायुद्धानंतरचा एखादा फ्रेंच विनोदी गुन्हेपट बघायचाय आणि हाताशी एकच संध्याकाळ आहे? मग या दोघांतून निवडा: क्लोद ओताँ-लाराचा ‘लोबेर्ज रूज’ (१९५१) किंवा जॉर्ज लोत्नेरचा ‘ले तोंतों फ्लँगर’ (१९६३). दोन्ही कृष्णधवल, दोन्हींत मुडदे पडतात.

फ्रेंच येत नसेल तर ‘लोबेर्ज रूज’च आधी. बर्फामुळे अडलेले घोडागाडीतले प्रवासी डोंगरातल्या सराईत उतरतात. मालक आणि मालकीण पाहुण्यांना मारून लुटणारे. मालकीण हे सगळं पापाच्या कबुलीत एका ख्रिस्ती साधूपुढे ओकते. कबुलीत ऐकलेलं बाहेर फोडायचं नाही, हा धर्माचा नियम. आता त्या बिचाऱ्याला प्रवाशांना ‘पळा’ म्हणता येत नाही आणि मरू देणंही जमत नाही. साधू झालेल्या फेर्नांदेल या नटाची ती तडफड कळायला भाषा लागत नाही. बाहेर उभ्या बर्फाच्या माणसात प्रेत दडलंय हे आपल्याला ठाऊक असतं, त्यामुळे हसता हसता अंगावर काटा येतो. मागे खरं प्रकरण आहे: फ्रान्सच्या आर्देश भागातल्या पेरबेयच्या सराईचा मालक, त्याची बायको आणि नोकर यांना १८३३ मध्ये सराईसमोरच गिलोटिनवर चढवलं होतं. सिनेमातल्या कृष्णवर्णीय नोकराचं चित्रण मात्र आज खुपतं.

‘ले तोंतों’ची गोष्ट साधी. माँतोबाँला ट्रॅक्टर विकणाऱ्या फेर्नांच्या (लिनो व्हेंत्युरा) गळ्यात मरणपंथाला लागलेला जुना मित्र पॅरिसमधले काळे धंदे आणि आपली तरुण मुलगी बांधून जातो. खरा ऐवज मिशेल ओदियारचे संवाद: गुंडांची चोरबोली आणि भारदस्त फ्रेंच एकाच वाक्यात. उपशीर्षकांत त्यातलं निम्मं गळतं. वगातल्या सोंगाड्याला हिंदीत बोलायला लावलं तर काय उरेल, तसंच.

तरी स्वयंपाकघरातला प्रसंग कोणालाही कळेल. घरात मुलीची पार्टी रंगलेली आणि इकडे व्हेंत्युरा, बेर्नार ब्लिए आणि मंडळी टेबलाभोवती बसून जुनी जहाल दारू रिचवतायत. घोटागणिक चेहरे बघावेत! फ्रेंच शिकत असाल तर हाच सिनेमा घ्या आणि हा प्रसंग फ्रेंच उपशीर्षकं लावून पुन्हा बघा.

‘लोबेर्ज रूज’ निवडलात, तर शेवटची काही मिनिटं आधी कोणाकडून ऐकू नका.