दोन भागांची स्टोमा बॅग : आपल्या दमट हवेत कितपत टिकते?

ऑपरेशनने आतड्याचं तोंड पोटावर काढतात, तो स्टोमा; त्यातून येणारा मल या बॅगेत जमतो. पोटाला चिकटणारी प्लेट वेगळी आणि तिच्यावर टक्‌ करून बसणारी पिशवी वेगळी. एकसंध बॅगेपेक्षा ही महाग पडते, तरी आमची पसंती हिलाच. पिशवी बदलताना दर वेळी प्लेट ओढावी लागत नाही, त्यामुळे कातडी सोलवटत नाही. घट्ट कपड्यांतून दोन्ही जोडणारी रिंग किंचित उठून दिसते, ही उणीव मात्र आहे.

सगळं यश प्लेटच्या भोकात आहे. मापाच्या कार्डाने स्टोमा मोजा आणि भोक त्याहून २-३ मिलिमीटर मोठं कापा. जास्त मोठं झालं तर उघड्या कातडीला मल लागतो, ती लाल होऊन पाझरते, ओल्या कातडीवर पुढची प्लेट धरत नाही आणि पुन्हा गळती. लहान आतड्याचा स्टोमा असेल तर पाचक रसांमुळे कातडी भाजल्यासारखी होते. भोक लहान पडलं तर कड घासून रक्त येतं. ऑपरेशननंतर ६ ते ८ आठवडे स्टोमा आकसत जातो, तेव्हा दर आठवड्याला नवं माप घ्या. पहिल्याच मापाने कापत राहणं ही नव्या पेशंटांची नेहमीची चूक.

कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा. तेल, क्रीम, मऊपणाचा साबण नको. प्लेट मिनिटभर तळहातांत गरम करा, लावल्यावर हात दाबून ठेवा. पिशवी बसवल्यावर हलकेच खाली ओढून पाहा.

एरवी प्लेट चार दिवस जाते. मे महिन्याच्या घामात आणि पावसाळ्यात ठाणे-खारघरकडे तीनच धरा. म्हणजे महिन्याला १०. वास अडवून हवा सोडणारा पिशवीवरचा फिल्टर ओला झाला की बंद पडतो आणि पिशवी फुगते. अंघोळीला आणि पावसात बाहेर पडताना त्यावर स्टिकर लावा.

बॅगेसोबतच्या पत्रकात पोट सपाट काढलेलं असतं. बसल्यावर पडणारी वळी त्यात नसते आणि बहुतेक प्लेटी तिथेच उचकटतात. बसून, वाकून, उभं राहून वळी पाहावी आणि तिथला खळगा स्टोमा पेस्टने भरून सपाट करावा, हे तुमच्यासारखाच स्टोमा असलेला जुना पेशंट पाच मिनिटांत दाखवतो. स्टोमा नर्सला सांगून अशा माणसाशी गाठ घालून घ्याच. कुणाशी जवळीक कशी ठेवायची, लग्नाच्या पंगतीत काय खायचं, हे डॉक्टरांना विचारायला जीभ रेटत नाही, त्याला विचारता येतं.

पिशवी एक-तृतीयांश भरली की रिकामी करा. लोकलच्या रेट्यात भरलेली पिशवी दाबली जाते. कर्करोगाच्या पेशंटांना दिव्यांगांच्या राखीव डब्यातून जाता येतं, तिथे चढायला लाजू नका. सोबत एक कापून ठेवलेली प्लेट असू द्या, पण उन्हातल्या गाडीत नको, तिचा चिकटा वितळतो. स्टोमा लाल, ओलसर असणं ठीक. जांभळा किंवा काळा दिसला तर लगेच हॉस्पिटल गाठा.