विझतं कृष्णविवर बघायचंय: स्वतःचा टेलिस्कोप घ्यावा, भाड्यानं घ्यावा की फुकटचा एक्स-रे डेटा?

बहिणीची पोट्टी एमएस्सी फिजिक्सला आहे, तिला प्रोजेक्ट पाहिजे होता आणि तिचे बाबा आठ इंची टेलिस्कोप घेऊन द्यायला तयार, मग आली माझ्याकडं, मामा घेऊ का? विषय तिनंच काढला होता, कृष्णविवर असलेले जोडतारे भडकून गेल्यावर कसे विझत जातात ते बघायचं. तिला जे सांगितलं तेच इथं टाकून राहिलो, अजून कोणी याच पेचात असेल तर.

भडकताना सगळेच बघतात. सोबतच्या ताऱ्याचा गॅस कृष्णविवराभोवतीच्या तबकडीत वर्षानुवर्षं साचतो, तबकडी इतकी तापते की हायड्रोजन आयनीभूत होतो आणि मग साचलेला माल एकदम आत धावतो. खरी मजा उतरणीवर आहे बाप्पा. चमक एडिंग्टन मर्यादेच्या (अशी वस्तू साधारण जास्तीत जास्त किती चमकू शकते ती हद्द) साधारण १ ते ४ टक्क्यांवर आली की मऊ म्हणजे कमी ऊर्जेच्या एक्स-रेंचा जोर ओसरतो, कडक म्हणजे जास्त ऊर्जेचे एक्स-रे वरचढ होतात, मधल्या काळात बंद पडलेला जेट, म्हणजे कृष्णविवराजवळून बाहेर उडणारा झोत, परत सुरू होतो आणि इन्फ्रारेडमध्ये तर ती वस्तू उतरता उतरता पुन्हा थोडी उजळते. पण हे पकडायला महिनोन् महिने नजर ठेवावी लागते, एक रविवार गच्चीवर काढून होत नाही.

आता स्वतःचा टेलिस्कोप. हंस तारकासमूहातला व्ही४०४ सिग्नी हा असाच एक जोडतारा १९८९ नंतर थेट जून २०१५ मध्ये भडकला, ११-१२ प्रतीपर्यंत आला (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद), एरवी तो १८.५ च्या आसपास असतो, म्हणजे सात प्रतींचा फरक, ६०० पटींहून जास्त. वर असताना आठ इंची मस्त चालते, २०१६ मध्ये नेचरला जपानी गटाचा पेपर आला त्यात हेच होतं की याच्या प्रकाशातले चढउतार २० सेंटिमीटरच्या टेलिस्कोपमधून डोळ्यानं दिसू शकतात, आणि २० सेंटिमीटर म्हणजे आपली आठ इंचीच की! पण तुम्हाला तर विझताना बघायचंय, आणि नागपूरच्या उजेडात गच्चीवरून १८ प्रत विसराच. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा दर्जा मिळाला, तिथलं आकाश खरंच काळं आहे, पण रोज कोण जाईल? त्यात पावसाळा. हे जोडतारे बहुतेक आकाशगंगेच्या पट्ट्यात, हंस काय, भुजंगधारी काय, रात्रभर दिसतात जून-जुलैत, आणि तेव्हाच आपल्याकडं ढग.

भाड्याचा टेलिस्कोप म्हणजे चिली, स्पेन, ऑस्ट्रेलियातला, घरबसल्या वेळ विकत घ्यायचा. आरसा मोठा, आपला पावसाळा आडवा येत नाही, पण मीटर चालू राहतो आणि रोजचं निरीक्षण म्हटलं की खिसा रिकामा. शाळा-कॉलेजसाठी फॉल्क्स नावाच्या प्रकल्पाचे हवाई आणि ऑस्ट्रेलियातल्या सायडिंग स्प्रिंगचे २ मीटरचे टेलिस्कोप आहेत, त्यांनी असे एक्स-रे जोडतारे वर्षानुवर्षं बघितलेत, प्रस्ताव लिहून वेळ मागता येतो. गाइड चांगला असेल तर हे नक्की करा.

तिसरा रस्ता, एक्स-रे डेटा. एक्स-रे जमिनीपर्यंत पोचतच नाहीत त्यामुळे उपग्रहाशिवाय गत्यंतर नाही, पण डेटा फुकट. स्पेस स्टेशनवरचा मॅक्सी नावाचा एक्स-रे कॅमेरा साधारण दीड तासात आकाशाचा फेरा मारतो, त्याचे लाइट कर्व्ह, म्हणजे चमक वेळेनुसार कशी बदलली त्याचे आलेख, तयारच मिळतात. वस्तू फार मंद झाली की मॅक्सीला दिसत नाही, मग स्विफ्ट किंवा नायसर, अगदी तळाशी चंद्रा, हे सगळे अंतराळातले एक्स-रे टेलिस्कोप. आपला ॲस्ट्रोसॅट उपग्रह २०१५ पासून आहे, त्याचाही जुना डेटा खुला होतो. त्रास एकच, हीसॉफ्ट नावाचं सॉफ्टवेअर लिनक्सवर बसवणं, पहिला आठवडा नुसत्या शिव्या.

माझं मत सरळ आहे, या विषयासाठी टेलिस्कोप घेऊ नका. शनीची कडी बघायला घ्या, जरूर घ्या, पण त्याला प्रोजेक्ट म्हणू नका. डेटानं सुरुवात करा, आणि पुढंमागं नवा एखादा भडकला तर तेवढ्यापुरते भाड्याचे तास घ्या.

भाचीनं मॅक्सी जे१८२०+०७० नावाचा, भुजंगधारीतला कृष्णविवर असलेला जोडतारा घेतला. मार्च २०१८ मध्ये भडकला, जुलैत मऊ अवस्थेत (मऊ एक्स-रेंचा जोर) गेला, सप्टेंबर-ऑक्टोबरात परत कडक झाला आणि उतरत गेला, सगळे विझला म्हणेपर्यंत मार्च २०१९ मध्ये पुन्हा उजळला, मग ऑगस्टमध्ये अजून एकदा. परवा स्विफ्टचा ग्राफ पाठवला, डिसेंबरात मोठी मोकळी जागा. मामा इथं डेटा काहून नाही, माझं काही चुकलं का? म्हटलं बाई, तेव्हा सूर्य तिकडंच असतो, स्विफ्टनं तिकडं तोंड केलं तर जळेल न!