रिपोर्ट एक नंबर, पण काउंटरवाल्याचं काही ऐकू नका (५ पैकी ३ स्टार)

आईच्या ब्रेस्टमधल्या गाठीची बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला, मग डॉक्टरांनी ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) आयएचसीला, म्हणजे पेशींमधली प्रथिनं रंगवून बघायच्या तपासणीला, द्यायला सांगितला तो या लॅबमध्ये दिला. नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण रिपोर्ट करणाऱ्या पॅथॉलॉजिस्ट मॅडम खरंच भारी आहेत, घोळ सगळा बाहेर बसलेल्या माणसाचा.

रिपोर्टमध्ये नुसतं 'ईआर पॉझिटिव्ह' (ईआर, पीआर म्हणजे पेशींमधले इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोनचे रिसेप्टर) लिहून मोकळे झालेले नाहीत. ईआर ९० टक्के, रंग गडद, ऑलरेड स्कोअर (टक्के आणि रंग मिळून) ८ पैकी ८, पीआरचंही तसंच सगळं दिलंय. आकडा लागतोच हो, कारण १ टक्का पेशी रंगल्या तरी पॉझिटिव्हच म्हणतात, पण १ ते १० टक्केवाल्यांना हार्मोनच्या गोळ्या किती लागू पडतील याची तेवढी खात्री नसते. सॅम्पल फॉर्मॅलिनमध्ये किती तास होतं तेही लिहिलंय (६ ते ७२ तास पाहिजे, नाहीतर रिझल्ट गंडू शकतो).

आता काउंटर. हर-टू (कॅन्सरच्या पेशी वाढवणारं एक प्रथिन) 'टू प्लस' आलं तर हा म्हणतो, ताई प्लस म्हणजे पॉझिटिव्ह, इथे तर दोन प्लस आहेत! आई शेजारीच बसलेली. अरे बाबा पॉझिटिव्ह म्हणजे थ्री प्लस, टू प्लस म्हणजे धड इकडे ना धड तिकडे, त्याला फिश नावाची टेस्ट करून हर-टू जीनच्या कॉपी मोजाव्या लागतात, आणि हे रिपोर्टमध्येच खाली छापलं होतं, वाचायचं तरी. फिश निगेटिव्ह आली पण मधले दिवस आई धड जेवली नाही.

वर म्हणे रक्ताची सीए १५-३ ही कॅन्सर मार्करची टेस्ट पण करून टाका, पसरलाय का लगेच कळेल. डॉक्टरांनी सरळ नको सांगितलं, सुरुवातीच्या स्टेजला ती नॉर्मल येऊ शकते आणि त्यावरून काही ठरत नाही.

केआय-६७ (किती पेशी वाढताहेत त्याचा आकडा) १८ टक्के आणि पुढे लाल अक्षरात 'हाय', हे मात्र रिपोर्टमधलंच, आणि मला पटलं नाही. डॉक्टर म्हणाले ५ किंवा त्याखाली नाहीतर ३० किंवा त्याच्या वर असेल तर भरवसा ठेवता येतो, मधल्या आकड्यात दोन पॅथॉलॉजिस्टचं मोजणं पण जुळत नाही, त्यामुळे ग्रेड (पेशी किती बिघडल्यात ते), गाठीची साइज आणि काखेतल्या गाठी बघूनच ते पुढचं बोलले.

ब्लॉक आणि स्लाईड मागितल्यावर लगेच परत दिल्या, त्या तिथे सोडून येऊ नका, सेकंड ओपिनियनला त्याच लागतात.